खरकटं पाणी म्हणजे खत नव्हे: कुंडीतल्या झाडांबाबत या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात माझं डेंड्रोबियम जातीचं ऑर्किड गेलं. दर चार दिवसांनी मी त्याला तांदळाचं धुवण घालत होते, तेही दोन दिवस झाकून आंबवलेलं. पानं सुरकुतायला लागली तेव्हा वाटलं, भूक लागलीय. धुवण वाढवलं. शेवटी कुंडी उलटी केली तर मुळं तपकिरी, बोटांनी दाबली की पाणी सुटत होतं, आणि वरची साल निसटून हातात नुसता दोरा येत होता.

सुरकुतलेलं पान म्हणजे उपाशी झाड, ही चूक मी केली आणि आजूबाजूला रोज होताना बघते. मूळ कुजलं की पाणी वर चढत नाही, म्हणून पान सुरकुततं. त्यावर आणखी काही ओतलं की कुजणं वाढतं. आमच्या सांगली-तासगावकडचा द्राक्ष बागायतदार देठ परीक्षण करून, म्हणजे पानांचे देठ प्रयोगशाळेत तपासून, खत ठरवतो. आपल्याला प्रयोगशाळा नको, पण मूळ तरी बघूया. ऑर्किडचं निरोगी मूळ टणक असतं, सुकलं की रुपेरी आणि पाणी मिळालं की हिरवं दिसतं.

तांदळाच्या धुवणात मुख्यतः पिष्ट असतं. ते आणि त्यातली थोडीफार पोषकद्रव्यं मातीतले जिवाणू फोडतात, तेव्हा कुठं झाडाच्या कामी येतात. ऑर्किड मात्र नारळाच्या सोडणात, कोळशात, विटांच्या तुकड्यांत लावलेलं असतं, आणि तिथं हे काम मातीइतकं होत नाही. रानातल्या बऱ्याच आमरी, म्हणजे ऑर्किडच, झाडाच्या सालीला धरून वाढतात, पावसाचं पाणी आणि फांदीच्या बेचक्यात साचलेला पाचोळा एवढ्यावर. त्यांच्या मुळांवरच्या स्पंजासारख्या आवरणावर पिष्टाचा थर बसला की हवा कोंडते, बुरशी धरते. मोगरा, जास्वंद, तुळस यांना ताजं धुवण पंधरा दिवसांतून एकदा चालेल. ऑर्किडला नको.

झालंच असेल तर मूळ साध्या पाण्यानं धुवा. ब्लेड ज्योतीवर तापवून, गार करून कुजका भाग कापा. कापलेल्या तोंडावरच चिमूटभर दालचिनीची पूड लावा. सगळ्या मुळांवर शिंपडली तर चांगली मुळंही सुकतात. एक दिवस सावलीत वाळवून नव्या सोडणात लावा. नवं हिरवं टोक दिसेपर्यंत कसलंही खत देऊ नका, यात घाई करू नका.

दुधाच्या चहाचा चोथा तसाच कुंडीत टाकू नका. त्यातल्या साखरेनं मुंग्या येतात, ओलसरपणानं चिलटं. मुंग्यांचा पुढचा त्रास जास्त वाईट: त्या मिलीबगचा गोड स्राव खातात, म्हणून त्या किडीला राखतात. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखं पांढरं दिसायला लागलं की आधी मुंग्यांची रांग कुठून येते ते शोधा. गुळाच्या पाण्याचंही तेच. जीवामृत या शेण-गोमूत्राच्या पातळ खतात गूळ असतो, पण तो शेणातल्या जिवाणूंसाठी. नुसता गूळ कुंडीत मुंग्यांनाच पोसतो.

अंड्याच्या टरफलांबद्दल मला ठाम सांगायचंय, कारण आमच्याकडं कुंडीत बहुतेक शेतातलीच काळी माती भरलेली असते. तिच्यात चुना मुळातच भरपूर असतो, त्यात बोअरचं जड पाणी. टरफल म्हणजे आणखी चुना, आणि तोही विरघळायला फार वेळ घेणारा. कढीपत्त्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर बहुतेक वेळा लोह कमी पडतंय असं समजा. चुन्याच्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. तिथं टरफलं घातली तर दुखणं वाढेल. द्राक्षबागेत वापरतात ते चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, पाकिटावरच्या प्रमाणात द्या. आजीनं सांगितलेलं आंबट ताकही इथं थोडं उपयोगी पडतं, पण बिनमिठाचं, दहापट पाण्यात आणि महिन्यातून एकदाच.

मीठ घातलेलं उकडीचं पाणी, पेज, डाळीचं वरचं पाणी कुठल्याच कुंडीत नको. कुंडीच्या काठावर पांढरी पापडी दिसली तर क्षार साठलेत. कुंडीच्या आकाराच्या तिप्पट साधं पाणी सावकाश ओतून खालच्या भोकातून वाहू द्या. पावसाचं पाणी साठवलं असेल तर उत्तम.

केळ्याच्या सालीत पालाश (पोटॅशियम) असतो, पण साल भिजवलेल्या पाण्यात नत्र जवळजवळ नसतं, त्यामुळं एवढ्यावर झाड पोसत नाही. साली, चोथा, भाजीची देठं हे सगळं भोकं पाडलेल्या बादलीत पाचोळ्याच्या थरांत घाला. काळं, भुसभुशीत आणि पावसानंतरच्या मातीसारख्या वासाचं झालं की कुंडीत मूठभर पुरे. आंबूस वास येत असेल तर अजून तयार नाही. आणखी पाचोळा घालून हलवा.

आणि ऑर्किडला? कृषी सेवा केंद्रात 19:19:19 मिळतं, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, वाढीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा, आधी साध्या पाण्यानं मुळं भिजवून. माझ्या दुसऱ्या डेंड्रोबियमला एवढंच देते. परवा त्याच्या बुडातून नवा कोंब फुटलाय, जवळ दोन मुळांची हिरवी टोकंही दिसतायत.