१६ सेलचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी पॅक ५४ व्होल्टलाच चार्जिंग थांबवतो: उपाय सापडला

लक्षण: ५१.२ व्होल्ट, ४० एएचचा (अँपिअर-तास) घरी जोडलेला स्कूटरचा पॅक ५८.४ ऐवजी ५४.३ व्होल्टला थांबायचा. एक सेल ३.६५ वर पोचला की बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) चार्जिंग तोडायचा. बाकीचे तेव्हा ३.३८ वरच.

बीएमएस बदलून फरक पडला नाही. रात्रभर चार्जिंगही वाया गेलं. बीएमएसचा बॅलन्सिंग करंट (सेल एका पातळीवर आणणारा) जेमतेम ५० मिलिअँपिअर. २ एएचचा फरक भरायला सलग ४० तास हवेत. फार वैताग आला.

शेवटी हे जमलं. पॅक बीएमएस तोडेपर्यंत चार्ज केला, तासभर ठेवला. बीएमएसचा कनेक्टर काढला, मग सगळे बसबार (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या). सोळाही सेल समांतर जोडले, प्लसला प्लस. एक जरी उलटा लागला तर थेट शॉर्ट, म्हणून प्रत्येक सेल आधी मल्टीमीटरने तपासा आणि पान्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. पॉवर सप्लाय वायरी मोकळ्या असतानाच ३.६५ व्होल्टवर सेट केला, मग जोडला, करंट १० अँपिअर. घाईपोटी व्होल्टेज वाढवू नका, सेल फुगतात. करंट १ अँपिअरखाली आल्यावर बंद केला.

पुन्हा सिरीज जोडणी. बीएमएस लावण्याआधी सेन्स वायरी (प्रत्येक सेलचं व्होल्टेज बीएमएसला कळवणाऱ्या) क्रमाने मोजल्या. चार्जर आता ५६.८ वर ठेवलाय. आठवड्याने एखादाच सेल खाली घसरला, तर तो बदलाच.