थायरॉइडचा रिपोर्ट वाचायला शिकताना: लॅबमध्ये नव्याने लागलेल्यांसाठी

डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) करून पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागलात की हार्मोनच्या तपासण्यांत थायरॉइडशी तुमची गाठ रोज पडेल. मशीन आकडा देतं, पण त्या आकड्यामागे एक साखळी असते. ती डोक्यात पक्की असेल, तर चुकीचा रिपोर्ट बाहेर जाण्याआधी तुमच्याच हातात थांबतो.

मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग टीआरएच नावाचं हार्मोन सोडतो. त्याच्या सांगण्यावरून मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच हे हार्मोन सोडते आणि टीएसएचच्या सांगण्यावरून गळ्यातली थायरॉइड ग्रंथी टी फोर आणि थोडं टी थ्री ही आपली हार्मोन बनवते. बहुतेक टी थ्री थायरॉइडबाहेर, यकृतासारख्या अवयवांत टी फोरपासून तयार होतं. रक्तात टी फोर, टी थ्री वाढलं की हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी हात आखडता घेतात, कमी झालं की जोर लावतात. म्हणून थायरॉइड थकली की टी फोर थोडंच उतरतं, पण टीएसएच कित्येक पटींनी चढतं. बिघाडाची पहिली चाहूल टीएसएचमध्ये लागते ती यामुळेच.

प्रौढांत टीएसएच साधारण ०.४ ते ४ मिली-युनिट प्रति लिटर असतं. प्रत्येक किटची (तपासणीच्या रसायनांच्या संचाची) मर्यादा थोडी वेगळी असते, गरोदर बाईची तर वेगळीच. तेव्हा रिपोर्टवर आपल्याच किटची मर्यादा छापली आहे ना, हे बघा.

टीएसएच जास्त आणि फ्री टी फोर (रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेलं, मोकळं टी फोर) कमी असेल तर बिघाड थायरॉइडमध्ये आहे. टीएसएच दबलेलं आणि फ्री टी फोर जास्त असेल तर ग्रंथी जास्त काम करते आहे, किंवा थायरॉइडच्या (टी फोरच्या) गोळीचा डोस जास्त होतो आहे. इथपर्यंत सगळे शिकतात. नवखे फसतात ते तिसऱ्या जोडीत: फ्री टी फोर कमी, आणि टीएसएच मात्र नॉर्मल किंवा कमी. फ्री टी फोर उतरलेलं असताना टीएसएच चढायलाच हवं होतं. ते चढलं नाही, म्हणजे पिट्युटरी किंवा हायपोथॅलॅमसमध्ये दोष असू शकतो. बाळंतपणात फार रक्तस्राव झालेल्या बाईची पिट्युटरी रक्तपुरवठा तुटल्याने अशी निकामी होऊ शकते. तिला कॉर्टिसॉल हे जीवनावश्यक हार्मोनही कमी पडत असू शकतं. ते न तपासता नुसती थायरॉइडची गोळी सुरू केली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून ही जोडी दिसली की ‘टीएसएच नॉर्मल’ म्हणून पुढे सरकू नका, रिपोर्ट पॅथॉलॉजिस्टसमोर ठेवा. गंभीर आजारी, आयसीयूमधल्या पेशंटमध्येही असंच चित्र दिसतं, त्यामुळे वॉर्डचं नाव पाहायला विसरू नका.

रक्त काढण्यापूर्वी तीन प्रश्न विचाराच. पहिला, आज थायरॉइडची गोळी घेतली का? गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी फोर वर जातं, टीएसएच मात्र लगेच हलत नाही. दुसरा, डोस कधी बदलला? टी फोरचं अर्धायुष्य (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे ७ दिवसांचं असतं आणि टीएसएच स्थिरावायला ६ ते ८ आठवडे लागतात. डोस बदलून पंधरा दिवसांत आलेल्या पेशंटचा आकडा अजून जुनं आणि नवं यांच्या मध्येच कुठेतरी असतो. तपासणी नाकारू नका, पण फॉर्मवर तारीख लिहा.

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त राहून जातो: केसांसाठी, नखांसाठी काही गोळ्या चालू आहेत का? त्यांत अनेकदा ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन हे जीवनसत्त्व असतं, तर शरीराची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅमची. काही किटमध्ये हार्मोनला चिकटणारी अँटिबॉडी पकडून ठेवायला बायोटिन आणि त्याला घट्ट धरणारं स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन अशी जोडी वापरतात. पेशंटच्या रक्तातलं बायोटिन ती जागा अडवतं आणि मशीन मोजतं तो सिग्नल घटतो. टीएसएचच्या सँडविच पद्धतीत हार्मोन दोन अँटिबॉडींच्या मध्ये पकडलं जातं, तिथे कमी सिग्नल म्हणजे कमी आकडा. फ्री टी फोरच्या स्पर्धात्मक पद्धतीत पेशंटचं हार्मोन आणि किटमधलं खूण लावलेलं हार्मोन एकाच जागेसाठी झगडतात, तिथे कमी सिग्नल म्हणजे जास्त आकडा. एकाच ट्यूबमधून दोन्ही चुका अशा निघतात की धडधाकट माणसाचा रिपोर्ट हुबेहूब हायपरथायरॉइडचा (थायरॉइड जास्त काम करते आहे असा) दिसतो. डॉक्टरांशी बोलून बायोटिन किमान दोन दिवस थांबवून पुन्हा सॅम्पल घ्या. डोस फार मोठा असेल तर जास्त दिवस थांबावं लागतं.

सॅम्पल साध्या किंवा जेलच्या ट्यूबमध्ये घ्या, जांभळ्या झाकणाच्या नको, तिच्यात ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं. काही मशीनमध्ये सिग्नल निर्माण करायला अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम वापरतात आणि ईडीटीए त्याला लागणारे धातू बांधून टाकतं. ट्यूब अर्धा तास उभी ठेवा, रक्त पूर्ण गोठू द्या, मगच सेंट्रिफ्यूज करा (यंत्रात वेगाने फिरवून वरचा पातळ भाग, म्हणजे सीरम, वेगळा करा). घाई केली तर सीरममध्ये फायब्रिनचे (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे) धागे राहतात. ट्यूब उजेडाकडे धरून किंचित तिरकी केलीत, की कोळिष्टकासारखा पांढुरका तंतू हलताना दिसतो. तो मशीनच्या सुईत अडकला तर सीरम कमी ओढलं जातं आणि आकडा भलताच येतो. शक्यतो सगळी सॅम्पलं सकाळी घ्या, कारण टीएसएच पहाटेच्या सुमारास जास्त आणि दुपारी कमी असतं. आधीच्या रिपोर्टशी तुलना करायची असेल तर वेळही तीच ठेवा.

नवजात बाळाची तपासणी मात्र जीव ओतून करा. जन्मानंतर पहिल्या तासाभरात बाळाचं टीएसएच उसळी मारतं आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत उतरतं. त्यामुळे टाचेतून रक्त ४८ तासांनंतर घेतलेलं बरं, लवकर घेतलं तर खोटे वाढीव आकडे येतात. रक्त टिपायच्या कागदी कार्डावरचं वर्तुळ एकाच थेंबाने पूर्ण भरा, थेंबावर थेंब चढवू नका. कार्ड आडवं, सावलीत, किमान तीन-चार तास वाळवा. थायरॉइड कमी असलेल्या बाळाला पहिल्या दोन आठवड्यांत औषध मिळालं नाही तर मेंदूची वाढ खुंटू शकते. आपल्याकडे बाई बाळंतपणाला माहेरी आलेली असते आणि फॉर्मवर पत्ता मात्र सासरचा असतो. माहेरचा पत्ता आणि चालू असलेले दोन फोन नंबर तिथेच लिहून घ्या, आणि आकडा वाढलेला आला तर त्याच दिवशी फोन लावा.