पुठ्ठ्याच्या नळ्यांतील रोपे सावरली ती अशी

खानापूर तालुक्यात आमच्या परसात दरवर्षी दोडका आणि काकडी लावली जाते. या वेलींना मुळे दुखावलेली सोसत नाहीत, म्हणून यंदा मी टिश्यूपेपरच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळ्यांमध्ये माती व गांडूळखत भरून त्यांतच बी टोकले, जेणेकरून रोप नळीसकट जमिनीत लावता यावे.

भाताचा तरवा टाकण्याचे ते दिवस होते आणि हवा इतकी दमट होती की आठवड्यातच नळ्यांवर पांढरी बुरशी चढली. बुरशी पुठ्ठ्यापुरतीच होती, रोपांना तिची बाधा नव्हती. तरीही वरून पाणी घालणे थांबवून मी नळ्या ताटात एकमेकींना खेटून उभ्या केल्या, ताटात थोडे पाणी ओतले आणि अर्ध्या तासाने उरलेले काढून टाकू लागलो. ताट पडवीत वारा खेळेल अशा उजेडाच्या जागी हलवले.

खरी अडचण लावणीनंतर आली. पावसाने चार दिवस ओढ देताच रोपे मलूल झाली आणि उकरून पाहिल्यावर कारण कळले: मातीच्या वर राहिलेली पुठ्ठ्याची कड वातीसारखी मुळांजवळचा ओलावा शोषून हवेत उडवीत होती, शिवाय कोरडी नळी मुळांना बाहेर पडू देत नव्हती. मी कडा फाडून काढल्या, उरलेल्या रोपांच्या नळ्यांना उभ्या चिरा दिल्या, त्या पूर्ण भिजवल्या आणि काठासह मातीखाली गाडल्या. दोडक्याची दोन रोपे गेली याचे वाईट वाटते. बाकीची मांडवावर चढली आहेत.