कडक भाकरीची घाई: दात भरताना आणि बसवताना या चुका टाळा

कवळी बसवून आरसा हातात दिला की पहिला प्रश्न ठरलेला. "मॅडम, कडक भाकरी कधी खाऊ?" सोलापूरचा माणूस, दुसरं काय विचारणार! मी सांगते, दीड महिना थांबा. समोरचा मान डोलावतो आणि त्याच रात्री शेंगाचटणी घेऊन कडक भाकरी मोडतो. तिसऱ्या दिवशी हिरडी सोलवटून दारात हजर. वर मलाच ऐकवतो, "कवळी काय नीट बसली नाही बगा."

वीसेक वर्षं हेच बघतेय. पेशंट बदलतात, चुका त्याच.

सगळ्यात वैताग आणणारी चूक म्हणजे घरी कवळी घासणं. आमचे एक मामा होते, गिरणीत फिटर म्हणून आयुष्य काढलेले. वरखाली पूर्ण कवळी करून दिली. आठवड्यावर भाच्याचं लग्न आलेलं. खालच्या हिरडीला एका जागी टोचत होतं आणि वरच्या कवळीच्या मागच्या कडेनं उमासे येत होते. दोन्ही गोष्टी पहिल्या आठवड्यात होतातच, आणि दोन्हींवर दहा मिनिटांत इलाज आहे. पण मामांनी घरातली अर्धगोल कानस काढली. हात फिटरचा, त्यामुळे काम इतकं सफाईदार की आमच्या लॅबवाल्यानंही मान तुकवली असती. वरच्या कवळीची मागची कड चांगली चार-पाच मिलिमीटर उडवली होती.

आता ती कड तिथं उगाच नसते. वरची कवळी टाळूला धरून राहते ती मधल्या लाळेच्या पातळ थरामुळे, आणि कडेनं हवा आत शिरत नाही म्हणून. मागची कड गेली की हवा शिरते, हवा शिरली की पकड संपली. मामांची संपली ती ऐन पंगतीत. व्याह्यांना "अजून एक जिलबी घ्या की" म्हणायला तोंड उघडलं आणि वरची कवळी थेट स्वतःच्या ताटातल्या मसालेभातावर. हे मला मामांनीच हसत हसत सांगितलं. मामी मात्र हसत नव्हत्या.

मागच्या कडेचं पुन्हा माप घेऊन तेवढा भाग लॅबमधून जोडून आणला. पैसे गेले, चार दिवस मामा बिनदाताचे राहिले. जाताना म्हणाले, "कानस तुमच्याकडंच राहू दे." आहे अजून ड्रॉवरमध्ये. नवीन कवळीवाल्याला मी ती काढून दाखवते.

तर टोचलं की काय करायचं? कवळी काढून चार दिवस डब्यात ठेवायची आणि मग यायचं, असं करू नका. तोवर जखम भरून येते आणि टोचतं कुठं ते मला दिसतच नाही. येण्याआधी चार-पाच तास कवळी घाला. दुखलं तरी घाला. मग हिरडीवर लाल ठिपका दिसतो. मी त्यावर जांभळी पेन्सिल टेकवते, कवळी बसवते, खूण आपोआप कवळीवर उमटते. तेवढीच जागा घासायची, मोहरीएवढी. अंदाजानं घासणारा डॉक्टर असला तरी तो माझ्या दृष्टीनं मामाच.

पहिले आठ दिवस मऊ भात, उप्पीट, दुधात कुस्करलेली भाकरी. घास छोटा घ्या आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावा, एका बाजूनं चावलं की दुसरी बाजू उचलते. पुढच्या दातांनी पेरू तोडायची हौस ठेवू नका. कडक भाकरी आधी आमटीत भिजवून, मग हळूहळू कोरडी. बोलताना शब्द घसरतात म्हणून लाजून गप्प बसू नका, रोज सकाळी पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचा. घरच्यांना त्रास होईल, होऊ दे. आणि खालची कवळी वरच्याइतकी घट्ट कधीच बसत नाही. तिला टेकायला जागा कमी आणि शेजारी जीभ सतत वळवळणारी. हे आधीच सांगितलं तरी प्रत्येकाला वाटतं, आपल्यालाच फसवलं.

उकळत्या पाण्यात कवळी टाकू नका, वाकते. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हाळ्यात खिडकीत कोरडी ठेवलेली कवळी सकाळी तशीच बसेल ही आशा सोडा. टूथपेस्टनं घासू नका, चरे पडतात. मऊ ब्रश आणि अंगाचा साबण पुरे. तुटली तर झटपट चिकटणाऱ्या ट्यूबनं जोडू नका. जोड अर्धा मिलिमीटर जरी सरकला तरी मला सगळं उकलून पुन्हा करावं लागतं. दोन तुकडे रुमालात बांधून आणा, बस.

आता दात भरण्याकडे. आपल्याकडे सगळ्याला 'सिमेंट'च म्हणतात. "सिमेंट भरा, लवकर भरा." दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट साधारण दोन मिलिमीटरच्या थरांनी भरतात आणि प्रत्येक थरावर निळा लाइट धरून तो कडक करतात. खड्डा खोल असेल तर तीन-चार थर होतात. मध्येच लाळ लागली की ते दाताला धरत नाही. म्हणून मी कापूस लावून तोंड उघडं ठेवायला सांगते, आणि नेमकं तेव्हाच पेशंटला चूळ भरायची असते, नाहीतर फोन घ्यायचा असतो. सहा महिन्यांनी फिलिंग पडलं की "सिमेंट हलकं होतं." हलकं नव्हतं हो, ओलं झालं होतं. जुनं चांदीचं फिलिंग ओलाव्याला इतकं लाडावलेलं नसतं, दाढेत वर्षानुवर्षं टिकतं. पण त्यात पारा असतो, आणि युरोपियन युनियननं 2025 पासून ते अगदी गरजेपुरतंच ठेवलंय. मीही आता भरत नाही. मात्र तोंडातलं चांगलं टिकलेलं जुनं फिलिंग "पारा आहे म्हणून" उकरून काढायला येऊ नका.

भूल उतरल्यावर दात उंच लागत असेल तर "होईल सवय" म्हणून बसू नका. निळा कागद चावायला देऊन, खूण उमटेल तेवढंच घासलं की पाच मिनिटांत काम होतं. सवय होत नाही, दाढ ठणकते.

दुसरी माझी खास दुखरी नस म्हणजे तात्पुरतं फिलिंग. रूट कॅनालच्या पहिल्या बैठकीत दुखणं थांबतं, वर लवंगेच्या तेलाचा वास येणारं पांढरं फिलिंग बसतं आणि माणूस गायब. ते आठवड्या-दोन आठवड्यांसाठी असतं. लोक सोलापूरची गड्ड्याची यात्रा, उन्हाळा, वारी, सगळं उरकून येतात. तोवर दाढ उभी चिरलेली असते आणि मग काढण्याशिवाय हातात काही उरत नाही. रूट कॅनाल पूर्ण करून कॅप न बसवणारे त्यांचेच भाऊ. पोकळ दाढ आणि भाजके फुटाणे, पुढचं तुम्हीच सांगा.

"अर्ध्या तासात फिक्स दात" हा तिसरा प्रकार. शहराच्या पूर्व भागातल्या एक मावशी, विड्या वळणाऱ्या, पुढचे दोन दात पडलेले. रस्त्यावर बसणाऱ्या कुणीतरी तिथल्या तिथं गुलाबी अॅक्रिलिक कालवून, तारेनं शेजारच्या दातांना बांधून दात बसवले होते. वर्षभरानं माझ्याकडे आल्या तेव्हा खाली हिरडी सुजून लाल गोळा झालेला, वास येत होता. ते ब्रशनं साफ होतच नाही, कारण निघतच नाही. बरने, म्हणजे दात कोरायच्या मशीनच्या टोकानं, कापून सोडवलं तेव्हा दोन्हीकडचे चांगले दात हलत होते. दोनाचे चार झाले. 1948 चा डेंटिस्ट्स अॅक्ट आहे, नोंदणीशिवाय दातांचं काम करता येत नाही, पण मावशींना कुणी सांगायचं? रागावले नाही मी. त्यांचा एक दिवस बुडला की मजुरी बुडते हे मलाही कळतं. राग येतो तो गाडीतून उतरून "आजच सगळं बसवा" म्हणणाऱ्यांचा.

दात काढल्यावर हाड झिजतं, पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त. म्हणून लगेच बसवलेली कवळी पुढं सैल होणारच, आतून नवा थर द्यावा लागतो. ती चूक कुणाचीच नाही.

इम्प्लांट, म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात, करायचं असेल तर आधी साखर ताब्यात आणा आणि तंबाखू, मावा, मिश्री बंद करा. टायटॅनियमला हाडानं धरायला तीन-चार महिने लागतात, तुमच्या परदेशातल्या मुलाच्या तिकिटाची तारीख हाडाला माहीत नसते.

वरची दाढ काढली की नजर जाते, हे खोटं आहे.

आणि कवळी धुताना खाली पाण्यानं भरलेली बादली ठेवा. मोरीच्या फरशीवर पडून फुटलेल्या कवळ्या मी मोजणं सोडून दिलंय.