ट्रकात नेव्हिगेशन कोणतं बसवावं

दुकानात जाऊन "ट्रकसाठी जीपीएस दाखवा" म्हटलं की बहुतेक वेळा काउंटरवर ट्रॅकर येतो. ट्रॅकर हा मालकासाठी असतो. गाडी कुठं उभी आहे, किती वेगानं चालली आहे हे तो मालकाच्या मोबाइलवर दाखवतो, चालकाला पुढचं वळण सांगत नाही. एआयएस-१४० या सरकारी मानकाचा डबा किंवा रेती-मुरुमाच्या गाड्यांना महाखनिज या राज्याच्या खनिज वाहतूक प्रणालीसाठी लावावा लागणारा डबाही ट्रॅकरच. तो नियमासाठी लावायचाच असेल तर लावा, पण त्यानं रस्ता सापडेल ही आशा धरू नका. एक सावधगिरी घ्या: स्वस्तातले बरेच ट्रॅकर फक्त २जी वर चालतात, आणि जिओला २जी नाहीच. असल्या डब्यात जिओचं सिम घातलं तर डबा चालू दिसतो, पण नकाशावर गाडी हलत नाही.

रस्ता दाखवणाऱ्या वस्तू तीन प्रकारच्या मिळतात: स्टँडवर लावलेला मोबाइल किंवा टॅबलेट, डॅशबोर्डात बसणारा अँड्रॉइड स्टिरिओ, आणि फक्त नेव्हिगेशनसाठी बनलेला वेगळा डबा. तिसऱ्या प्रकारात गार्मिनच्या डेझलसारखे खास ट्रकचे डबे येतात. उंची, वजन, लांबी भरली की ते त्या मापाचा रस्ता काढतात. वस्तू उत्तम, पण ही सगळी करामत डब्याची नसून नकाशाची आहे. नकाशात पुलाची उंची नोंदलेली असेल तरच डबा तो पूल टाळणार. युरोप-अमेरिकेसाठी बनलेला डबा कोणी बाहेरून आणून देत असेल तर आधी त्यात भारताचा नकाशा उघडून दाखवायला सांगा, आणि तो नकाशा ट्रकचा आहे की कारचा हेही विचारा. म्हणून खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी नकाशा, मग वीज, मग उन्हातला टिकाव. स्क्रीन किती इंची आहे ते सगळ्यात शेवटी.

कारचा नकाशा ट्रकला कुठं फसवतो

गूगल मॅप्समध्ये मोटारसायकलचा पर्याय आहे, ट्रकचा नाही. तो जो रस्ता काढतो तो कारच्या हिशोबानं. हमरस्त्यावर यानं फारसं बिघडत नाही. नागपूर–हैदराबादचा ४४ नंबर असो की अमरावती–अकोल्याचा ५३, तिथं कारचा रस्ता तोच ट्रकचा. घोटाळा होतो तो हमरस्ता सोडून कापसाच्या जिनिंगकडं, संत्र्याच्या बागेकडं किंवा राइस मिलकडं वळल्यावर. तिथं तीन ठिकाणी गाडी अडकते.

पहिलं ठिकाण पांदण रस्ता, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट. नकाशावर तो डांबरी रस्त्यासारखाच दिसतो आणि अंतर चार-पाच किलोमीटरनं कमी दाखवतो. उन्हाळ्यात त्यावरून भरलेला ट्रक जातोही. पण आपली काळी माती एका पावसात चिकण होते, आणि भरलेली दहा चाकी एकदा आसापर्यंत बसली की ट्रॅक्टरलाही दाद देत नाही. जून ते ऑक्टोबर एक नियम पाळा: शेवटच्या टप्प्यात ॲप जवळची वाट सुचवत असेल तर उपग्रह चित्र उघडून बघा. दोन्ही बाजूंना शेत आणि मधे तपकिरी पट्टा दिसला तर ती वाट सोडा, डांबरीनं फेरा घ्या.

दुसरं ठिकाण रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल. नाल्यावरून पाणी वाहतंय हे कोणत्याच ॲपला वेळेवर कळत नाही. गर्दी नाही म्हणून ॲप उलट तोच रस्ता "जलद" म्हणून पुढं करतं. गर्दी नसते ती पाणी असल्यामुळं. नेहमीच्या वाटेवरचे रपटे ॲपमध्ये स्वतः पिन टाकून जतन करा आणि पिनेच्या नावातच "रपटा" लिहा.

तिसरं ठिकाण रेल्वेखालचा बोगदा. फाटकं बंद करून रेल्वेनं जागोजागी कमी उंचीचे भुयारी मार्ग केलेत. तोंडाशी लोखंडी कमान आणि उंचीचा फलक असतो, पण अंधारात तो दिसेपर्यंत गाडी उतारावर असते. ट्रक मागं कॅरेटनं भरलेला असताना तिथून रिव्हर्स घेणं म्हणजे क्लीनरची परीक्षा. पावसाळ्यात याच बोगद्यात पाणीही साचतं.

उंची-वजन भरता येणारं, भारतात चालणारं आणि नेट नसतानाही वाट काढणारं ॲप हवं असेल तर ओस्मअँड (OsmAnd) बघा. त्यात ट्रकचं वेगळं प्रोफाइल आहे. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा असतो आणि तो राज्यवार उतरवता येतो. महाराष्ट्रासोबत तेलंगणा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही उतरवून ठेवा, नाहीतर तेलंगणाच्या सीमेवरचा पिंपळखुटीचा नाका ओलांडला की पडदा कोरा. याची मर्यादाही समजून घ्या. ग्रामीण भागातल्या पुलांची उंची आणि भारमर्यादा त्या नकाशात फार कमी ठिकाणी भरलेली आहे. नोंद नसेल तर ॲप "अडथळा नाही" असंच समजतं. त्यामुळं ट्रक प्रोफाइल लावलं म्हणून बोगद्याचा फलक वाचायचा सोडू नका. हा नकाशा कोणालाही दुरुस्त करता येतो. फलकावरची उंची एकदा भरली की मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या कामी येते.

मापं भरताना

उंची आरसीवरून घेऊ नका. ताडपत्री आणि दोर बांधून झाल्यावर, सपाट जागेवर, सर्वात उंच टोकाची मोजा आणि त्यात १५ सेंटिमीटर मिळवा. कुटार (भुसा) किंवा सुटा कापूस भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा उंचही असते आणि डाल्याच्या दोन्ही बाजूंना फुगलेलीही, म्हणून रुंदी आरशांसकट आणि मालासकट मोजा. ॲप मीटर मागतं आणि आपण फुटात बोलतो. १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, म्हणजे साडेबारा फूट झाले ३.८१ मीटर. फुटाचा आकडा मीटरच्या रकान्यात गेला तर ॲप एकतर रस्ताच काढत नाही किंवा भलताच वळसा दाखवतं.

वजनाच्या रकान्यात माल आणि गाडी मिळून एकूण वजन भरायचं असतं, रिकाम्या गाडीचं नाही. २०१८ च्या बदलानंतर सहा चाकीची मर्यादा १८.५ टन आणि दहा चाकीची २८.५ टन झाली, पण जुन्या गाडीच्या आरसीवर जुनाच आकडा असू शकतो. आरसीवरचा धरा. धरमकाट्याची पावती त्याहून जास्त सांगत असेल तर अडचण नेव्हिगेशनची नाही.

वीज: सर्वात जास्त डबे इथंच जळतात

छोटा हत्ती आणि पिकअप १२ व्होल्टवर चालतात, मोठा ट्रक २४ वर. इंजिन चालू असताना २४ ची लाइन २८ व्होल्टच्या आसपास जाते. कारसाठी बनलेला अँड्रॉइड स्टिरिओ १२ चा असतो. तो थेट जोडला तर धूर निघायला वेळ लागत नाही. चार्जर घेताना नुसतं "१२–२४" लिहिलेलं पुरत नाही. ३२ किंवा ३६ व्होल्टपर्यंत झेपतं असं छापलेलं असेल तो घ्या.

१२ चा डबा २४ च्या गाडीत लावायला वायरमन एक सोपी वाट काढतो: दोनपैकी एकाच बॅटरीवरून तार ओढतो. हे करू देऊ नका. दोन्ही बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यामुळं चार्जिंगचा प्रवाह दोघींना सारखाच मिळतो. एकीवर जादा भार पडला की ती कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन पाणी उडवत बसते. काही महिन्यांत दोन्ही जातात आणि दोष बॅटरी कंपनीला लागतो. यावर उपाय म्हणजे २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर. स्टिरिओच्या मागं फ्यूज १० अँपिअरचा असेल तर कन्व्हर्टर १५ चा घ्या आणि हवा लागेल अशा जागी, पत्र्याला कसून बसवा.

तार चावीवर चालू-बंद होणाऱ्या लाइनवरून घ्या. जिनिंगच्या फाटकावर दोन-तीन दिवस रांगेत गाडी उभी राहिली तर कायम चालू तार बॅटरी रिकामी करते. तारेच्या सुरुवातीला, म्हणजे बॅटरीच्या किंवा फ्यूज बॉक्सच्या जवळच, फ्यूज हवा. नुसत्या मोबाइल चार्जरला २ ते ३ अँपिअरचा पुरतो. डब्याजवळ लावलेला फ्यूज डबा वाचवेल, पण मधल्या तारेला घासून लागलेली आग थांबवणार नाही. सेल्फ मारताना पडदा क्षणभर बंद होऊन परत सुरू झाला तर काळजी नको, तेवढा व्होल्टेज पडतोच.

उन्हाळा आणि स्टँड

मोबाइल कंपन्या साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापर धरतात. चंद्रपूर, अकोल्याचा मे महिना ४५ च्या वर असतो आणि काचेमागचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी तापतो. अशा वेळी मोबाइल आधी उजेड कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो, मग बंद पडतो. स्टँड काचेला न लावता एसीच्या किंवा पंख्याच्या झोतात लावा, जाड कव्हर काढा, आणि उन्हात गाडी उभी करताना मोबाइल सोबत न्या. रबरी चोषणीचा स्टँड उन्हानं मऊ पडून सुटतोच. स्क्रूनं कसणारा लोखंडी स्टँड घ्या आणि तो आरशाच्या आणि नजरेच्या आड येत नाही हे सीटवर बसून तपासा. केंद्राच्या २०२० च्या नियमानुसार गाडी चालवताना मोबाइलचा वापर फक्त रस्ता पाहण्यापुरता, तोही लक्ष विचलित न होता, चालतो. हातात धरलेला दिसला तर १,००० ते ५,००० रुपये दंडाचं कलम लागू शकतं.

सिग्नल येत नसेल तर

उपग्रहाच्या सिग्नलला सिम लागत नाही. मेळघाटात रेंज गेली तरी नकाशावरचा ठिपका चालला पाहिजे. नकाशा आधी उतरवलेला असला म्हणजे झालं. बराच काळ बंद असलेलं यंत्र रेंजशिवाय सुरू केलं तर ठिपका सापडायला काही मिनिटं लागतात, म्हणून नेव्हिगेशन निघण्यापूर्वी, उघड्या आकाशाखाली सुरू करा. स्टिरिओची गोल अँटेना पत्र्याच्या खाली दडवलेली असेल तर काढून काचेजवळ, तोंड वर करून चिकटवा. ठिपका मधूनच शेतात उडी मारत असेल तर चार्जर काढून बघा. स्वस्त चार्जरचा आवाज, म्हणजे विद्युत गोंधळ, उपग्रहाचा बारीक सिग्नल झाकून टाकतो. उपग्रहाच्या एल-१ लहरीसोबत एल-५ ही दुसरी लहरही पकडणारा मोबाइल घाटात आणि इमारतींमध्ये जास्त नीट चालतो. नाविक या इस्रोच्या स्वतःच्या उपग्रहांचा सपोर्ट असेल तर बरंच आहे, पण तेवढ्यासाठी महाग मोबाइल घेऊ नका.

चांगल्या सिग्नललाही काही मीटरची चूक असतेच. त्यामुळं उड्डाणपूल की खालचा सर्व्हिस रोड हे यंत्राला नेहमी कळत नाही. समृद्धी महामार्गावर याची किंमत जास्त पडते. इंटरचेंज चुकला तर वळायला जागा नाही, पुढच्या इंटरचेंजपर्यंत जावंच लागतं, आणि टोल किलोमीटरवर आहे. तिथं आवाजापेक्षा पाटीवर विश्वास ठेवा.

पत्ता टाकताना

नुसतं "कारंजा" टाकू नका. एक कारंजा लाड, वाशिम जिल्ह्यातलं, समृद्धीजवळचं. दुसरं कारंजा घाडगे, वर्धा जिल्ह्यातलं, ५३ नंबरवरचं. कोळशाची वणी यवतमाळ जिल्ह्यात आहे आणि सप्तशृंगीजवळची वणी नाशिकमध्ये. मालेगावचंही तसंच. गावासोबत तालुका आणि जिल्हा लिहा, आणि एकूण किलोमीटर बिल्टीवरच्या अंतराशी ताडून बघा.

त्याहून चांगलं म्हणजे माल उतरवणाऱ्याकडून लोकेशन मागवणं. पण तो माणूस ट्रकच्या फाटकावर उभा असतानाच त्यानं ते पाठवावं. घरून पाठवलेलं लोकेशन घरीच नेतं. आकडे मिळाले तर क्रम बघा: आधी अक्षांश, मग रेखांश. नागपूर साधारण २१.१५, ७९.०९. उलटे टाकले तर पिन उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्डच्या बर्फात पडते, आणि ॲप तिथलाही रस्ता शोधू लागतं.

पैसे देण्यापूर्वी

वस्तू परत करायची मुदत किती ते लिहून घ्या आणि त्या मुदतीतच या चाचण्या करा. ट्रकची उंची ४.५ मीटर भरून, माहितीतल्या कमी उंचीच्या बोगद्यापलीकडचं गाव टाका. वाट बदलली नाही तर त्या भागात "ट्रक नेव्हिगेशन" हे नावापुरतंच आहे. गावाचं नाव मराठीत, इंग्रजीत आणि दोन वेगळ्या स्पेलिंगनं शोधा. दुपारी बाराला केबिनमध्ये पडदा वाचता येतो का बघा. इंजिन चालू, काच खाली, अशा वेळी आवाज ऐकू येतो का आणि तो मराठीत किंवा निदान हिंदीत बोलतो का तेही तपासा. शेवटी मोबाइल विमान मोडवर टाकून मुद्दाम एक फाटा चुकवा. अर्ध्या मिनिटात नवी वाट काढली नाही तर ती वस्तू परत करा.