ग्रीन कार्डचा नंबर कधी लागणार? व्हिसा बुलेटिन असं वाचा

ग्रीन कार्डच्या रांगेत कोणत्या तारखेपर्यंतचे अर्ज पुढे आले, ते सांगणारं अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं व्हिसा बुलेटिन दर महिन्याला निघतं, पण चुकीचा रकाना पाहून अनेकांचा घोळ होतो.

१. आय-७९७ नोटिशीवरची (अर्जाबद्दल अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडून येणारं पत्र) प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची जागा ठरवणारी तारीख, शोधा. तिथे महिना आधी छापतात: ०३/०७/२०१४ म्हणजे ७ मार्च, ३ जुलै नव्हे. बुलेटिनमध्ये मात्र दिवस आधी असतो. इथेही गफलत होते.

२. तुमची श्रेणी (भावंडांसाठी एफ४, नोकरीसाठी ईबी-२, ईबी-३ वगैरे) आणि ‘इंडिया’ हा रकाना जुळवा. देश जन्माचा धरतात, पासपोर्टचा नाही. नवरा किंवा बायको दुसऱ्या देशात जन्मली असेल, तर बहुतेक वेळा त्या देशाचा रकाना लागू होऊ शकतो. हे वकिलाला आवर्जून विचारा, कित्येक वर्षं वाचू शकतात.

३. बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात: ‘फायनल ॲक्शन’ (व्हिसा मिळण्यासाठी) आणि ‘डेट्स फॉर फायलिंग’ (अर्ज भरण्यासाठी). ‘फायनल ॲक्शन’ तक्त्यातल्या तारखेच्या आधीची तुमची तारीख असेल तरच व्हिसा मिळू शकतो. तीच तारीख असली तरी चालत नाही. ‘सी’ म्हणजे सर्वांना खुलं, ‘यू’ म्हणजे बंद. अमेरिकेत राहून अर्ज करणाऱ्यांनी त्या महिन्यात कोणता तक्ता चालेल, ते यूएससीआयएसच्या (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) साइटवर पाहावं.

छापलेली तारीख आणि आजचा दिवस यांतलं अंतर म्हणजे तुमची प्रतीक्षा नव्हे. गेल्या बारा बुलेटिनमध्ये तारीख किती सरकली ते मांडा, मग वेगाचा अंदाज येतो.

तारीख मागेही जाते, विशेषतः सप्टेंबरअखेर संपणाऱ्या अमेरिकी सरकारी वर्षाचा कोटा संपत आला की. म्हणून व्हिसा हातात पडेपर्यंत घर विकू नका, नोकरीचा राजीनामा देऊ नका.