पोफळीवरचा उडता सरडा कसा शोधाल?

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आमचं कुळागर आहे, म्हणजे पोफळीची, सुपारीच्या झाडांची बाग. सुट्टीत भाचरं आली की बॅगा खाली ठेवायच्या आत सुरू होतात, "मावशी, उडता सरडा दाखव ना!" आणि दहा मिनिटांत हिरमुसून परत येतात, कारण सगळी वर आभाळाकडे बघत असतात.

मुलांनो, याला उडताना शोधायचं नाही, बसलेला असताना शोधायचं. दिवसातला बहुतेक वेळ तो खोडाला चिकटून असतो. पंख मिटलेले आणि रंग अगदी पोफळीच्या सालीचा. म्हणून ऊन वर आलं की, साधारण नऊ-दहाला, पाटाच्या कडेला विरी, म्हणजे पोफळीच्या झावळीचं गळून पडलेलं रुंद देठ, अंथरून बसा आणि एका वेळी एकच पोफळ घ्या. खोडाच्या मध्यावर बघू नका. कडेवरून नजर खालून वर न्या. पोफळीची कड सरळसोट असते, तिच्यावर बोटभर उंचवटा दिसला की तिथेच थांबा. जरा वेळानं त्या उंचवट्याखालून काहीतरी हळदीसारखं पिवळं, टोकदार बाहेर येईल, मिटेल, पुन्हा येईल. तो नर. गळ्याची ती पिशवी उघडून तो दुसऱ्या नराला बजावतो, हे झाड माझं आहे. मादीची पिशवी लहान आणि निळसर करडी, ती दिसायला फार चिकाटी लागते.

आता हलू नका. मुंग्या टिपत तो वर सरकेल, मग पलीकडच्या झाडाकडे बघेल. उडी मारली की आधी डोकं खाली करून सरळ पडतो, आणि पोटात धस्स होतं न होतं तोच दोन्ही कुशींना पंख उलगडतात. त्याच्या काही बरगड्या लांब वाढलेल्या असतात. त्यांच्यावर कातडी ताणली जाते, छत्रीच्या काड्यांवर कापड ताणावं तशी. पाखरासारखे पंख फडफडवणं त्याला जमत नाही, तो तरंगत जातो. त्यामुळे निघाला त्याहून खालीच उतरतो आणि पुन्हा चढायला लागतो. त्याचे पुढचे पाय नीट बघा. माक्सिमिलियान डेहलिंग या संशोधकानं २०१७ मध्ये याच जातीबद्दल लिहिलंय की हवेत असताना तो पुढच्या पायांनी पंखांची कड धरतो. ते वाचल्यापासून मी दुर्बीण घेऊनच बसते.

पकडायला जाऊ नका, दगड तर मुळीच मारू नका. त्या बरगड्या फार नाजूक असतात.

जमिनीवर दिसला तर बहुधा ती मादी असते, अंडी घालायला उतरलेली. एकदा आमच्या विहिरीजवळ एक मादी तोंड मातीत खुपसून खड्डा करताना दिसली. मी होते तिथेच उभी राहिले. अंडी घालून तिनं माती परत लोटली आणि वर डोक्यानं थोपटली. ती गेल्यावर मी तिथे चार काठ्या रोवल्या आणि गड्यांना सांगितलं, इथे दोन महिने कुदळ लावायची नाही.